विष्णुदास भावे : प्रेक्षकांची मर्यादा आणि आरंभीची मराठी रंगभूमी

मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ साली सांगली येथे झालेल्या ‘सीतास्वयंवर’ या प्रयोगापासून मानण्याचा प्रघात आहे. ५ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो तो याच प्रयोगाच्या स्मरणार्थ. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके लिहिली जात होती, शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ त्यांतलेच, आणि गोमंतक व कोकण या प्रदेशांत दशावतारी खेळ त्याहीपूर्वीपासून रूढ होते, ही गोष्ट आता अभ्यासकांना अपरिचित राहिलेली नाही. त्यामुळे विष्णुदास भावे यांना मराठी नाटकाचे जनक म्हणावे की नाही, हा वाद पुष्कळ झाला आहे. तो येथे पुन्हा उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. भाव्यांच्या चरित्रात दुसराच एक प्रश्न आहे व त्याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. जिवंत प्रेक्षकांसमोर उभे राहणाऱ्या कलावंताने त्यांपैकी कोणाचेही मन दुखवू नये, कोणाच्या श्रद्धेला वा सभ्यतेला धक्का लावू नये, ही काळजी भाव्यांनी आपल्या सर्व रंगजीवनात वाहिली. ही काळजी हाच त्यांच्या नाट्यरचनेचा पाया होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तिने त्यांना काय मिळवून दिले आणि काय गमवावयास लावले, हे त्यांच्या आयुष्याच्या क्रमाने पाहण्यासारखे आहे.

विष्णु अमृत भावे यांचा जन्म १८१९ च्या सुमारास झाला. वडील अमृतराव हे सांगली संस्थानच्या चाकरीत होते. मुलाचे औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही. गोष्टी रचून सांगणे, पदे जुळविणे, मातीच्या व लाकडाच्या मूर्ती घडविणे यांत त्याचा जीव रमे. लाकडी बाहुल्या तयार करून त्यांच्याकडून आख्याने करवून घेण्याचा नादही त्याला होता. त्या बाहुल्यांपैकी काही टिकून राहिल्या आणि पुष्कळ काळाने रामदास पाध्ये यांच्या प्रयत्नाने पुन्हा लोकांसमोर आल्या. बाहुलीला कुल नसते, गोत्र नसते आणि पंक्तीला बसावयाचे नसते. ती राक्षस झाली काय किंवा स्त्री झाली काय, दुसऱ्या दिवशी तिला कोणी जाब विचारीत नाही. माणसांना रंगभूमीवर उभे करताना भाव्यांना ज्या अडचणी पुढे आल्या, त्यांतली एकही या बाहुल्यांच्या बाबतीत संभवत नव्हती.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन हे रसिक व गुणग्राही राजे होते. १८४२ साली उत्तर कानडा भागातील भागवत मंडळी सांगलीस आली व तिने राजेसाहेबांपुढे खेळ केले. ही मंडळी होन्नावरजवळील कर्की येथील हास्यगार घराण्याची होती, असे कन्नड अभ्यासक सांगतात. खेळ कानडीत होते, यक्षगान परंपरेतले होते. आप्पासाहेबांना त्यांतील कथन, गायन आणि सोंगे यांची जुळणी आवडली. परंतु त्यातला रांगडेपणा, आरडाओरडा आणि वानरादिकांची विकृत सोंगे दरबारी अभिरुचीला रुचली नाहीत. याच धर्तीवर, पण त्यातील ओबडधोबड भाग वगळून, मराठीत काही करता येईल काय, असा विचार राजेसाहेबांच्या मनात आला आणि ही कामगिरी त्यांनी तरुण विष्णुपंतांवर सोपविली.

येथे जरा थांबले पाहिजे. यक्षगानाला रांगडे ठरविणारा हा निवाडा सांगलीच्या दिवाणखान्यातला आहे व मराठी नाट्येतिहासकारांनी तो पिढ्यानपिढ्या जसाच्या तसा पुढे चालविला. शिवराम कारंत यांच्यासारख्या मर्मज्ञांनी यक्षगानाचा जो सखोल अभ्यास केला, त्यावरून त्यातील नृत्य, ताल, वेशभूषा व वाचिक यांची घडण किती पक्की आहे हे आपणास कळते. कापणी उरकलेल्या शेतात रात्रभर मोकळ्या आकाशाखाली, दिवट्यांच्या उजेडात पाहण्यासाठी जी कला वाढली, तिचा आवाज दिवाणखान्यात मोठा वाटावा, यात नवल नाही. शिवाय भाषाही परकी. ज्या प्रेक्षकाला शब्द कळत नाहीत, त्याला नुसती आरोळी ऐकू येते. तेव्हा भाव्यांकडे आलेले काम एका कलेच्या शुद्धीकरणाचे होते, असे समजण्याऐवजी एका प्रेक्षकवर्गासाठी घडलेली कला दुसऱ्या प्रेक्षकवर्गाच्या मर्यादेत बसविण्याचे ते काम होते, असे समजणे अधिक न्याय्य होईल. मराठी नाटकाच्या या शाखेचा जन्मच काय दाखवू नये या प्रश्नातून झाला.

भाव्यांनी जो घाट सिद्ध केला तो अमराठी वाचकांच्या माहितीसाठी थोडक्यात सांगितला पाहिजे. प्रथम सूत्रधार मंगलाचरण गाई. मग वनचराच्या वेषातील विदूषक नाचत येई व सूत्रधाराशी त्याचे गमतीचे संभाषण होई. सूत्रधार आपण नाटक करणार असल्याचे सांगून गजाननाचे स्तवन करी. गणपती येऊन निर्विघ्नतेचा आशीर्वाद देई. त्यानंतर मयूरारूढ सरस्वती नाचत येई व तीही वर देई. एवढा पूर्वरंग झाल्यावर आख्यान लागे. आख्यानातील सर्व पदे सूत्रधार आपल्या साथीदारांसह म्हणे. पात्रे त्या पदांचा भाव अभिनयाने दाखवीत आणि मग त्याच आशयाची गद्य भाषणे आपल्या बुद्धीप्रमाणे करीत. ही भाषणे लिहिलेली नसत. देवांची, राक्षसांची, स्त्रियांची व ऋषींची अशी पात्रांची ठराविक वर्गवारी असे आणि त्या त्या वर्गाच्या बोलण्याचालण्याची रीत नटांना शिकविलेली असे.

या रचनेचे मूळ शोधताना कोणी यक्षगानाकडे, कोणी दशावताराकडे, कोणी कीर्तन व लळिताकडे बोट दाखविले आहे आणि त्या प्रत्येकात तथ्य आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहता येते. लिखित संहिता नसलेल्या खेळात सर्वात मोठे भय नटाच्या जिभेचे. ऐनवेळी सुचलेला एखादा शब्द, समोर बसलेल्या कोणा मानकऱ्यावर उडालेला एखादा शिंतोडा, हशा मिळतो म्हणून लांबविलेली एखादी चेष्टा, यांतून अनर्थ ओढवू शकतो. लळितातील सोंगांत आणि तमाशातील गण-गौळणीत अशा चेष्टांना मुभा होती. किंबहुना त्यांची लज्जतच तीत होती. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत रंगभूमीवर उभा असे. पद तोच म्हणे आणि पात्राने बोलावयाचे ते त्या पदाच्या कक्षेतच. कथा कोठे वळावी, भाषण कोठे तोडावे, पुढचे पद केव्हा उचलावे, हे सर्व त्याच्या हाती. नट वाहवत चालला तर झांजेचा एक ठोका पुरे. हा सूत्रधार म्हणजे प्रेक्षकांच्या देखत उभा असलेला नियामक होता. पुढे जे काम सरकारी परिनिरीक्षक कागदावर करू लागले, ते येथे गाणारा मनुष्य जागच्या जागी करीत असे.

विदूषकाची व्यवस्थाही अशीच विचारपूर्वक केलेली दिसते. त्याला हास्याची मोकळीक मुख्यतः पूर्वरंगात, देव येण्यापूर्वी, आणि तीही सूत्रधाराशी बोलताना. म्हणजे थट्टेचा विषय रंगभूमीवरचाच मनुष्य. प्रेक्षकांत बसलेल्या कोणाकडे बाण जाण्याचा संभव त्यामुळे पुष्कळच कमी होई. गणपती हे पटवर्धनांचे आराध्यदैवत. त्याच्या आगमनाने राजाची भक्ती आणि नाट्याची प्रथा या दोन्ही एकदमच संतोष पावत.

विषयांच्या निवडीतही हीच सावधगिरी आहे. ‘सीतास्वयंवर’ हे पहिले आख्यान आणि त्यानंतरची पन्नासांच्या आसपासची सर्व आख्याने रामायण, महाभारत व पुराणे यांतली. कीर्तनकारांनी आणि मोरोपंतादी पंडित कवींनी या कथा मराठी श्रोत्यांच्या घरच्या करून ठेवल्या होत्या. त्यांत काय घडणार हे सर्वांना आधीच ठाऊक. शत्रू राक्षस असल्यामुळे गावातील कोणत्याही जातीला, पंथाला वा अधिकाऱ्याला आपली निंदा झाली असे वाटण्याचे कारण नाही. शृंगाराचे प्रसंग आले तरी त्यांचे वर्णन सूत्रधाराच्या पदात होई व पात्राला अंगचेष्टा करण्याची गरज उरत नसे. त्या काळी सभ्य समाजाला शृंगाराचे प्रेक्षणीय रूप ठाऊक होते ते लावणीचे व तमाशाचे, आणि उत्तर पेशवाईच्या आठवणींमुळे त्याभोवती एक प्रकारचे लोकापवादाचे वलय होते. आपला खेळ त्या रांगेत बसविला जाऊ नये, ही भाव्यांची धडपड त्यांच्या प्रत्येक निर्णयात दिसते.

एवढे करूनही एका दिशेने उठणारा विरोध टळण्यासारखा नव्हता. भाव्यांच्या मंडळीत ब्राह्मण मुलांचा भरणा होता. स्मृतिग्रंथांनी नटाला, कुशीलवाला, फार खालची जागा दिलेली आहे. श्राद्धाच्या पंक्तीस वर्ज्य असलेल्यांच्या यादीत मनूने त्याचे नाव घातले आहे. उच्च कुलातील तरुणांनी तोंडाला रंग फासावा, लुगडी नेसावी, दाढा लावून राक्षस व्हावे, हे सनातन्यांना रुचणे शक्य नव्हते. तेव्हा रंगभूमीवर कोणताही आक्षेपार्ह शब्द उच्चारला गेला नाही तरी तिच्यावर उभे राहणे हेच मुळी आक्षेपार्ह ठरत होते. राजाश्रय होता तोवर या विरोधाची धार बोथट राहिली. ज्याचे अन्न खावयाचे, त्याच्या आवडीच्या खेळाला भर दरबारात नावे कोण ठेवणार?

१८५१ साली आप्पासाहेब निवर्तले. भाव्यांच्या आयुष्यातील हा सर्वात मोठा आघात. नव्या कारभाऱ्यांना नाटकाचे अगत्य नव्हते. पोशाख, सामान आणि मंडळींचा योगक्षेम यांसाठी झालेले कर्ज डोक्यावर होते व आप्पासाहेबांनी दिलेली आश्वासने त्यांच्याबरोबरच गेली होती. खेळ घेऊन बाहेरगावी जाणे आणि कर्ज फेडणे, एवढाच मार्ग शिल्लक राहिला. आजवर एका माणसाची मर्जी सांभाळली म्हणजे पुरे होते आणि त्याच्या आवडीनिवडी भाव्यांना बारकाईने माहीत होत्या. आता गावोगावचे अपरिचित प्रेक्षक समोर येणार होते. त्यांत शास्त्री असत, सावकार असत, पलटणीतले लोक असत, नव्या इंग्रजी शाळांतून निघालेले तरुणही असत. यांतील एकाला जे पवित्र ते दुसऱ्याला हास्यास्पद आणि तिसऱ्याला अनीतिकारक वाटू शकत होते.

मुंबईत ही अडचण सर्वांत तीव्र स्वरूपात पुढे आली. १८५३ च्या प्रारंभी भावे आपली मंडळी घेऊन तेथे गेले. सुरुवातीचे खेळ खाजगी जागेत झाले. जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी यांच्यासारख्या पुढाऱ्यांचे लक्ष त्यांकडे गेले. शंकरशेटांनी दिलेल्या जागेवर ग्रँट रोडला १८४६ मध्ये उभे राहिलेले नाट्यगृह इंग्रजी नाटकांसाठी बांधलेले होते. तेथे मार्च १८५३ मध्ये भाव्यांचा तिकीट लावून खेळ झाला. हिंदी माणसांनी हिंदी भाषेत केलेला व दाम देऊन पाहिलेला खेळ त्या शहरात याआधी झालेला नव्हता. पारशी मंडळींचे पहिले नाटक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे यानंतर काही महिन्यांनी झाले. आधुनिक भारतीय रंगभूमीच्या तौलनिक अभ्यासात हा क्रम ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

या खेळाची इंग्रजी वृत्तपत्रात जी जाहिरात आली, तीत हे नाटक असभ्यता व कामुकता यांपासून सर्वथा मुक्त असून हिंदूंचे नाट्य नीतीने परिपूर्ण असते, अशी हमी देण्यात आली होती. ही हमी कोणाला दिली जात होती? सांगलीच्या प्रेक्षकाला ‘सीतास्वयंवरा’च्या पावित्र्याविषयी ग्वाही देण्याची कल्पनाही कोणाच्या मनात आली नसती. ही भाषा युरोपीय प्रेक्षकासाठी होती आणि त्याच्या नजरेने स्वतःकडे पाहू लागलेल्या सुशिक्षित एतद्देशीयासाठी होती. मिशनऱ्यांच्या लेखनातून हिंदूंच्या उत्सवांवर व करमणुकींवर अश्लीलतेचा आरोप सतत होत होता. त्या आरोपाचे उत्तर, तो या खेळावर प्रत्यक्ष होण्यापूर्वीच, या जाहिरातीने देऊन टाकले. देवादिकांची चरित्रे रंगभूमीवर आणणाऱ्या मंडळीला आपण निर्दोष असल्याचे आगाऊ प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे लागले, ही घटना मला त्या वेळच्या कोणत्याही नाट्यप्रयोगाहून अधिक बोलकी वाटते. दहा वर्षांपूर्वी राजाच्या अभिरुचीने घातलेली मर्यादा आता राज्यकर्त्यांच्या नीतिकल्पनेने घातलेल्या मर्यादेत मिसळून गेली. भाव्यांना मात्र यात काही बदलावे लागले नाही. जे वगळावयाचे ते सांगलीतच वगळून झाले होते.

मुंबईने त्यांना दुसरेही काही दिले. तेथील इंग्रजी नाट्यगृह त्यांनी पाहिले, पडद्यांची व बैठकींची व्यवस्था पाहिली. शहरातील प्रेक्षक बहुभाषी असल्याचे ओळखून १८५३-५४ च्या सुमारास त्यांनी गोपीचंद राजाचे आख्यान हिंदुस्थानी भाषेत सादर केले. गुजराती, पारशी, मुसलमान, उत्तर हिंदुस्थानी अशा सर्वांना समजेल अशी भाषा आणि नाथपंथी जोगी ज्या राजाची कथा पंजाबपासून बंगालपर्यंत गात फिरत असा विषय, ही निवडदेखील सर्वांना सामावून घेण्याच्या त्यांच्या वृत्तीशी सुसंगत आहे. वैराग्याच्या कथेने कोणाचे मन दुखावणार? हिंदी रंगभूमीच्या इतिहासकारांनी या प्रयोगाची आवर्जून दखल घेतली आहे. मराठीत त्याचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो.

पुढील सात-आठ वर्षे भाव्यांनी मुंबई, पुणे आणि इतर अनेक गावी दौरे काढले. त्यांच्या धर्तीवर इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, आळतेकर अशा कितीतरी मंडळ्या निघाल्या. कर्जाचा भार हलका होताच १८६१-६२ च्या सुमारास त्यांनी या व्यवसायातून अंग काढून घेतले व सांगलीस परत येऊन राहिले. वय चाळिशीच्या थोडे पुढे. यानंतरची जवळजवळ चार दशके त्यांनी रंगभूमीबाहेर काढली.

भाव्यांची मंडळी ज्या वर्षांत गावोगाव हिंडत होती, त्याच वर्षांत पुण्यास जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अडाणी कुणबी जोडप्याला धर्माच्या नावाखाली नाडणारा जोशी आणि शिक्षणाने येणारी जाग हा त्याचा विषय. दक्षिणा प्राइझ कमिटीकडे ते पाठविले गेले व तिने ते नाकारले. छापून निघण्यास त्याला १९७९ साल उजाडावे लागले. या नाटकातही एक विदूषक आहे, आणि तो भाव्यांच्या विदूषकाप्रमाणे पूर्वरंगातच निरोप घेत नाही. तो मध्येमध्ये येऊन चाललेल्या लबाडीचा उलगडा करतो. एकाच काळी, एकाच प्रदेशात, दोन विदूषक उभे होते. एकाला कोणाचे मन दुखवावयाचे नव्हते म्हणून त्याला राजवाडा व नाट्यगृह मोकळे झाले. दुसऱ्याला दुखविल्यावाचून बोलताच येत नव्हते म्हणून त्याला प्रेक्षकच मिळाला नाही. मराठी नाटकाची जी वाट सुरू झाली ती पहिल्याच्या मागून सुरू झाली. भाव्यांना यात दोष देता येणार नाही. कर्जबाजारी, आश्रयहीन मनुष्य मंडळींची पोटे भरण्यासाठी गावोगाव हिंडतो, तेव्हा त्याच्याकडून बंडखोरीची अपेक्षा करणे हा घरी बसून इतिहास लिहिणाराचा चोचला आहे. परंतु एका संपूर्ण रंगपरंपरेच्या पायाशी ही भीड बसलेली आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढच्या इतिहासाचा नीट अर्थ लागत नाही.

आणखी एक गंमत अशी की, इतकी भीड बाळगूनही भाव्यांच्या परंपरेला अपकीर्ती टळली नाही. त्यांच्या मागून निघालेल्या मंडळ्यांत सूत्रधाराचा तो धाक राहिला नाही. राक्षसांच्या आरोळ्या, तलवारींचे हात आणि रंगांची उधळण यांवर प्रेक्षक खूष होतात हे ध्यानी आल्यावर ती वाढतच गेली. सांगलीच्या दिवाणखान्याने कर्नाटकी खेळांतून जे वगळले होते, ते गावोगावच्या प्रेक्षकांनी पुन्हा मागून घेतले. मग विद्यापीठातून बाहेर पडलेल्या पिढीने राक्षसांच्या आरोळीवरून या नाटकांना ‘अललडुर्र’ हे नाव ठेवून त्यांची हेटाळणी केली. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे इतिहासावर आधारलेले गद्य नाटक आले, इंग्रजी व संस्कृत नाटकांची भाषांतरे येऊ लागली, आणि १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने सूत्रधाराच्या तोंडचे गाणे पात्रांच्या तोंडी घालून सर्व पालटच करून टाकला. किर्लोस्करांची स्वतःची उमेदवारी पौराणिक नाटकांसाठी पदे रचण्यात झाली होती, हे येथे विसरता येत नाही. एका वर्गाला ओंगळ वाटू नये म्हणून जपलेली कला दुसऱ्या वर्गाला बाळबोध वाटू लागली. प्रेक्षक हा एक नसतो व तो एका जागी थांबतही नाही, याचा अनुभव भाव्यांना सांगलीस बसल्या जागी आला असला पाहिजे.

मर्यादेचा प्रश्न तोवर व्यक्तींच्या हातून निघून कायद्याच्या हाती गेला होता. बंगाली रंगभूमीवरील काही प्रयोगांनी राज्यकर्ते अस्वस्थ झाले आणि १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी करण्यात आला. मराठीत त्याचा सर्वांत गाजलेला उपयोग कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवधा’वर झाला. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकावर १९१० साली बंदी आली. कथा महाभारतातली, पात्रे प्रेक्षकांच्या पूर्ण ओळखीची, उच्चारलेला प्रत्येक शब्द विराटाच्या नगरीतला. तरीही कीचक म्हणजे कर्झन आणि सैरंध्री म्हणजे परवश भूमी, हे प्रेक्षकांनी न सांगता जाणले व सरकारनेही जाणले. पुराणकथेत कोणाचीही निंदा होत नाही, या ज्या विश्वासावर भाव्यांनी आपली सर्व आख्याने उभारली, तोच विश्वास खाडिलकरांनी ढालीसारखा पुढे धरला आणि तिच्याआडून वार केला. भावे त्यापूर्वीच दिवंगत झाले होते. ९ ऑगस्ट १९०१ रोजी सांगलीस त्यांचा अंत झाला.

निवृत्तीच्या काळात, १८८५ साली, त्यांनी ‘नाट्यकवितासंग्रह’ प्रसिद्ध केला. आपल्या आख्यानांतील पदे त्यांनी त्यात एकत्र केली व प्रस्तावनेत नाटकांचा आरंभ कसा झाला ते सांगितले. मराठी नाट्येतिहासाच्या अभ्यासकाला आजही त्याच ग्रंथापाशी जावे लागते. पदे तेवढी त्यात आहेत. पात्रांनी प्रयोगाच्या वेळी आपल्या बुद्धीने केलेली भाषणे कोणी लिहून घेतली नाहीत व ती छापलीही गेली नाहीत. सूत्रधाराच्या मर्यादेतून सुटून एखाद्या रात्री एखादा नट काय बोलून गेला असेल, समोरच्या कोणाचा चेहरा त्यामुळे उतरला असेल आणि झांज किती घाईने वाजली असेल, हे त्या ग्रंथाच्या पानांत कोठेही सापडत नाही.